'चिकन आउट' म्हणजे चिकन संपलं नव्हे: कच खाण्याचं इंग्रजी, पायरीपायरीने

"मॅडम, 'चिकन आउट' म्हणजे चिकन संपलं, असंच ना?"

राजारामपुरीतल्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात हा प्रश्न आला, तेव्हा कुणी हसलंसुद्धा नाही. कोल्हापुरात रविवारी दुपारी उशिरा खानावळीत शिरलं, की गल्ल्यावरचा माणूस आधी काय संपलंय ते सांगतो. त्यामुळे पोराला वाटलं त्यात काही वावगं नव्हतं. खरी गंमत पुढे होती. पुण्यातल्या आतेभावाने त्याला इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री मेसेज टाकला होता, "डोन्ट चिकन आउट नाऊ!" आणि आमच्या या पठ्ठ्याने उत्तर दिलं होतं, "ओके, मटन विल डू." म्हणजे चिकन नसेल तर मटण चालेल. अस्सल कोल्हापुरी उत्तर, पण प्रश्न वेगळा होता.

आतेभाऊ म्हणत होता, "आता कच खाऊ नकोस."

त्या दिवशी ठरवलेला धडा मी बाजूला ठेवला आणि तासभर या दोन शब्दांवर घालवला. तोच तास इथे लिहून काढते आहे. वाचताना वही जवळ असू द्या, शेवटी वाक्यं करायची आहेत.

आधी अर्थ पक्का करा

बहुतेक जण 'चिकन आउट' म्हणजे 'घाबरणे' असं पाठ करतात आणि तिथेच फसतात. हा अर्थ अर्धाच आहे. पूर्ण अर्थ बसायला तीन गोष्टी लागतात: माणसाने काहीतरी करायचं ठरवलेलं किंवा कबूल केलेलं असलं पाहिजे, त्याला भीती वाटली पाहिजे, आणि त्या भीतीपोटी त्याने ते केलं नाही असं झालं पाहिजे. तिन्हींपैकी एक जरी नसेल, तरी हे क्रियापद वापरू नका.

वर्गात मी पंचगंगा घाटाचं उदाहरण घेते, कारण ते चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतं. पाऊस सुरू झालाय, पाणी वर चढलंय, आणि चार पोरं काठावर उभी आहेत. पहिला सुरुवातीपासून म्हणतोय, "मला न्हाई जमत, मी कापडं सांभाळतो." त्याने चिकन आउट केलेलं नाही, कारण तो मुळात हो म्हणालाच नव्हता. दुसऱ्याचे पाय लटपटतात, तोंड पांढरं पडतं, पण डोळे मिटून उडी घेतो. तो घाबरला खरा, पण चिकन आउट नाही. तिसऱ्याला घरून आईचा फोन येतो, "पाहुणे आल्यात, ये आधी." तो निघून जातो. त्याने माघार घेतली, पण भीतीने नव्हे, म्हणून तोही नाही.

चौथा मात्र बघण्यासारखा. सकाळपासून गल्लीभर सांगत फिरलाय की आज उडी मारणार. शर्ट काढला, घडी करून पायरीवर ठेवला, काठावर जाऊन हात वर केले. खाली बघितलं. परत खाली बघितलं. मग मान वळवून म्हणाला, "आज पाण्याला लई ओढ हाय रं." आणि शर्ट घालायला लागला.

ही चिकन्ड आउट.

त्याचं म्हणणं खरंही असेल, पावसाळ्यात पंचगंगेला ओढ असतेच आणि उडी न मारण्यातच शहाणपण आहे. पण बाकीचे तिघे त्याच्यावर हे क्रियापद टाकणार, कारण ते सबब मानतच नाही. समोरचा कारण काहीही देवो, खरं कारण भीती होतं, असा बोलणाऱ्याचा दावा त्यात असतो. म्हणून हे क्रियापद बहुतेक वेळा दुसऱ्याबद्दल चिडवायला किंवा स्वतःबद्दल कबुली द्यायला येतं.

मग मराठीत नेमकं काय?

'कच खाणे' हा सगळ्यात जवळचा शब्द. 'ऐनवेळी कच खाल्ली' यात ठरवणं, भिणं आणि मागे सरणं, तिन्ही आलं. 'शेपूट घालणे' हाही चालतो, पण त्यात अपमान जास्त आहे; मित्राला चिडवताना चालेल, पाहुण्यांत नको. 'माघार घेणे' फार सभ्य आहे, त्यात भीती असेलच असं नाही. निवडणुकीत अर्ज मागे घेणाराही माघारच घेतो. 'टरकणे' आणि 'तंतरणे' यांत भीती आहे, पण मागे फिरणं नाही. टरकूनही माणूस काम करून मोकळा होतो. 'टांग देणे' मध्ये मागे फिरणं आहे, पण भीती नाही. सिनेमाला येतो म्हणून न येणारा टांग देतो, त्याला भ्यायचं काय कारण?

एक सापळा मात्र सांगून ठेवते. क्रिकेटच्या बातम्यांत 'मधल्या फळीने कच खाल्ली' असं आपण वाचतो. तिथे 'चिकन आउट' लावू नका. ते फलंदाज मैदानात उतरले, खेळले, आणि दडपणाखाली ढेपाळले. पळून कुणी गेलं नाही. अशा ढेपाळण्याला इंग्रजीत 'चोक' म्हणतात. म्हणजे आपली 'कच' थोडी मोठी आहे, तिच्यात ढेपाळणंही मावतं. इंग्रजी शब्द फक्त न करता मागे फिरण्यापुरता आहे.

आणि कोंबडीच का? आपल्याकडे भित्रा म्हटलं की ससा. झाडाखाली झोपलेल्या सशाच्या अंगावर पान पडतं आणि तो 'आभाळ पडलं, पळा पळा' करत सुटतो, ही गोष्ट ऐकून आपण मोठे झालो. इंग्रजी मुलं जवळजवळ हीच गोष्ट ऐकतात, फक्त तिथे डोक्यावर ओकचं फळ पडतं आणि पळत सुटतं ते कोंबडीचं पिल्लू. इंग्रजीत भित्र्या माणसाला 'चिकन' म्हणणं शेक्सपिअरच्या काळापासूनचं आहे. त्याचं क्रियापद करून पुढे 'आउट' जोडलं ते विसाव्या शतकातल्या अमेरिकी बोलीने.

वाक्य बांधताना

इथे मराठी माणसाच्या ठरलेल्या चुका आहेत. वह्या तपासून तपासून मला त्या पाठ झाल्यात.

पहिली चूक 'झालो' ची. आपण मराठीत बोलताना सहज म्हणतो, "मी चिकन आउट झालो." मग तेच इंग्रजीत नेताना 'झालो' साठी काहीतरी हवं म्हणून "आय वॉज चिकन आउट" किंवा "आय बिकेम चिकन आउट" असं होतं. दोन्ही चूक. इथे 'चिकन' हेच क्रियापद आहे, त्याला दुसऱ्या क्रियापदाचा टेकू लागत नाही. भूतकाळ त्यालाच लावायचा: आय चिकन्ड आउट. मी कच खाल्ली. संपलं वाक्य.

रूपं सोपी आहेत. आय चिकन आउट, ही चिकन्स आउट, दे चिकन्ड आउट, शी इज चिकनिंग आउट. स्पेलिंगमध्ये 'ईडी' किंवा 'आयएनजी' लावताना 'एन' एकच राहतो. जोर पहिल्या अक्षरावर असला की शेवटचं व्यंजन दुप्पट होत नाही, जसं 'ओपन'चं 'ओपन्ड'. 'बिगिन'मध्ये जोर शेवटी आहे, म्हणून 'बिगिनिंग'मध्ये दोन 'एन'. हा नियम या निमित्ताने कायमचा लक्षात ठेवा, शंभर ठिकाणी कामाला येईल.

दुसरी चूक 'तून'ची. "त्याने इंटरव्ह्यूतून माघार घेतली" हे डोक्यात असतं, म्हणून 'फ्रॉम द इंटरव्ह्यू' येतं. इंग्रजीला इथे 'ऑफ' लागतो: ही चिकन्ड आउट ऑफ द इंटरव्ह्यू. आणि नामाऐवजी क्रिया सांगायची असेल तर 'ऑफ'नंतर 'आयएनजी'वालं रूप: शी चिकन्ड आउट ऑफ आस्किंग फॉर अ रेज. पगारवाढ मागायला गेली आणि कच खाल्ली. इथे 'टू आस्क' लिहिणारे वर्गात निम्मे तरी निघतात, कारण मराठीत आपण 'मागायला' म्हणतो आणि 'ला' दिसला की हात आपोआप 'टू'कडे जातो.

कशातून माघार घेतली हे ऐकणाऱ्याला माहीतच असेल, तर 'ऑफ' आणि त्यापुढचं सगळं गाळा. बोलताना बहुतेक वेळा तसंच होतं.

तिसरी चूक जरा चलाख मुलं करतात. आपल्याकडे कुठल्याही क्रियापदाला 'करायला लावलं' जोडता येतं, म्हणून ती "ही चिकन्ड मी आउट" असं रचतात, त्याने मला कच खायला लावली या अर्थाने. असं होत नाही. या क्रियापदाला कर्म चालत नाही, त्यामुळे मधे कुणाला घुसवता येत नाही आणि त्याचं कर्मणीही होत नाही. कुणी घाबरवून मागे हटवलं असेल तर 'ही स्केअर्ड मी ऑफ' म्हणा.

मग 'आउट' तिथे करतं काय, असं एका मुलीने विचारलं होतं. मी तिला उलट विचारलं, 'बोलून बसला' यात कोण कुठे बसलंय? 'देऊन टाकलं' यात काय खाली टाकलंय? 'बसणे', 'टाकणे' ही तिथे आपला मूळ अर्थ सोडून नुसती छटा देतात. इंग्रजीतले 'आउट', 'अप', 'ऑफ' हे साधारण तेच काम करतात. इथला 'आउट' सांगतो की माणूस ठरलेल्या गोष्टीच्या बाहेर पडला. आपल्या संयुक्त क्रियापदांकडे एकदा नीट बघितलं, की इंग्रजीतली निम्मी भीती जाते असं माझं मत आहे, पण शाळेत ही जोड कुणी घालून देत नाही.

आणखी दोन जोड्या पाठ करून टाका, कारण हे क्रियापद क्वचितच एकटं फिरतं. 'ॲट द लास्ट मिनिट', म्हणजे ऐनवेळी. आणि 'ऑलमोस्ट': आय ऑलमोस्ट चिकन्ड आउट, म्हणजे कच खाणारच होतो, पण नाही खाल्ली. इंटरव्ह्यूहून परतल्यावर सांगायला हे वाक्य झकास. शिवाय 'डोन्ट चिकन आउट ऑन मी' हेही ऐकाल. त्यात 'ऑन मी' म्हणजे माझ्या अंगावर नव्हे. मला एकट्याला तोंडघशी पाडू नकोस, असा भाव आहे.

तोंडाने म्हणताना

जोर 'आउट'वर द्या. आपण सवयीने 'चिकन'वर देतो आणि 'आउट' गिळतो, मग ऐकणारा पुढच्या पदार्थाची वाट बघत राहतो. 'चिकन्ड'मधला 'ड' आणि 'आउट' जोडून म्हणा, 'चिकन्-डाउट' असं. 'ऑफ' आला की तोही चिकटतो, आणि त्याचा उच्चार 'ऑफ' न राहता हलका 'अव्' होतो: चिकन्-डाउ-टव्. दहा वेळा मोठ्याने म्हणा. घरचे हसतील, हसू द्या.

कुणाला म्हणायचं, कुणाला नाही

व्याकरणाची चूक समोरचा पोटात घालतो. इथली चूक घालत नाही.

स्वतःबद्दल हे क्रियापद कुठेही चालतं. "आय वॉन्टेड टू कॉल यू, बट आय चिकन्ड आउट" यात प्रांजळपणा आहे, ऐकणाऱ्याला बरं वाटतं. मित्राला, भावंडाला, बरोबरीच्या सहकाऱ्याला चिडवताना चालतं. आपण कट्ट्यावर 'काय भावा, टरकलास व्हय?' म्हणतो, त्याच वजनाचं आहे ते. पण वडीलधाऱ्यांना, वरिष्ठांना, ग्राहकाला नाही. मराठीत साहेबांना 'तुम्ही शेपूट घातलीत' म्हणाल का? तेवढंच इथे.

यात माझाही हात भाजलाय. ओळखीच्या एका फाउंड्रीवाल्यांची परदेशी पत्रं मी काही काळ नजरेखालून घालत होते. एका गिऱ्हाइकाने ठरलेली ऑर्डर लांबणीवर टाकली. कारखान्यातल्या तरुण मुलाने उत्तर लिहिलं, त्यात 'सिन्स यू चिकन्ड आउट ऑफ द ऑर्डर' असं वाक्य होतं. व्याकरण अचूक. 'ऑफ'सुद्धा जागेवर. मी व्याकरण बघितलं, खूश झाले आणि पत्र पुढे जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी समोरून फोन आला. त्या माणसाचा आवाज शांत होता, तेच जास्त लागलं. त्याने विचारलं, आम्ही घाबरलो असं तुम्हाला का वाटतं?

तिथे लिहायला हवं होतं, 'वी अंडरस्टँड यू हॅव डिसायडेड नॉट टू प्रोसीड ॲट धिस टाइम.' लांबलचक, कोरडं, पण कुणाच्या हिमतीवर बोट न ठेवणारं. पत्रात, अर्जात, अहवालात 'डिसाइड अगेन्स्ट', 'विथड्रॉ', 'डिक्लाइन' हे शब्द वापरा.

हे क्रियापद मोठ्या माणसांना किती झोंबतं याचा नमुना 2025 च्या मे महिन्यात जगाने पाहिला. फायनान्शिअल टाइम्सचे स्तंभलेखक रॉबर्ट आर्मस्ट्राँग यांनी 'टाको' हा शब्द बाजारात आणला. तो मेक्सिकन पदार्थाच्या नावासारखा दिसतो, पण ती आद्याक्षरं आहेत: ट्रम्प ऑल्वेज चिकन्स आउट. अमेरिकेचे अध्यक्ष मोठ्या आयातशुल्काची धमकी देतात, बाजार कोसळतो, मग ते शुल्क पुढे ढकलतात आणि बाजार सावरतो, या चक्राला त्यांनी हे नाव दिलं. पत्रकाराने ट्रम्प यांना त्याबद्दल विचारलं तेव्हा ते चिडले आणि याला वाटाघाटी म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. घाटावरचा चौथा पोरगा आठवतो का? ज्याच्यावर हे क्रियापद पडतं, तो भीती सोडून दुसरं कारण देतोच. खरं कोण, हा आपला विषय नाही. आपण 'चिकन्स'मधला 'एस' बघायचा: 'ऑल्वेज' आहे, सवय सांगायची आहे, कर्ता एकवचनी आहे, म्हणून साधा वर्तमानकाळ आणि शेवटी 'एस'.

शेजारपाजार

'बॅक आउट' हा सख्खा शेजारी. दिलेल्या शब्दातून, सौद्यातून मागे फिरणं. भीती असो वा नसो. प्लॉटचा व्यवहार इसार देऊन मोडला तर 'बॅक्ड आउट'. कारण माहीत नसेल तेव्हा हाच वापरा, त्यात आरोप कमी आहे. 'पुल आउट' हा संघ, कंपन्या, सैन्य यांच्यासाठी. 'गेट कोल्ड फीट' म्हणजे लग्नासारख्या मोठ्या गोष्टीआधी मन कचरणं. पाय गार पडले तरी माणूस बोहल्यावर चढू शकतो, म्हणून ते चिकन आउटच्या आधीची अवस्था आहे. 'कॉप आउट'मध्ये भीतीपेक्षा जबाबदारी टाळणं जास्त. 'बेल ऑन समवन' म्हणजे आपलं टांग देणं.

इंग्लंडमध्ये 'बॉटल इट' जोरात चालतो, विशेषतः फुटबॉलमध्ये, आणि कोल्हापूरकरांना तो लवकर समजतो. शाहू स्टेडियमवर पेठांचा सामना रंगलाय, पेनल्टी शूटआउटची वेळ आली. सकाळी 'पहिली किक माझी' म्हणणारा खेळाडू आता बुटाची नाडी बांधत बसलाय, दुसऱ्याकडे बोट दाखवतोय. ही चिकन्ड आउट ऑफ टेकिंग द पेनल्टी. दुसरा पुढे गेला आणि चेंडू गोलखांबाच्या वरून थेट प्रेक्षकांत. हा दुसरा चिकन आउट नाही, तो 'चोक' झाला. 'बॉटल इट' मात्र दोघांनाही लागू पडतो, अगदी आपल्या कच खाण्यासारखा.

कोंबडीची बाकीची पिलावळ थोडक्यात. 'चिकन फीड' म्हणजे किरकोळ पैसे. 'नो स्प्रिंग चिकन' म्हणजे आता वय झालेलं माणूस. 'प्ले चिकन' म्हणजे दोन गाड्या समोरासमोर सुसाट सोडायच्या, जो आधी वळवेल तो भित्रा. बर्ट्रांड रसेल यांनी 1959 साली अण्वस्त्रधारी देशांच्या धोरणाला याच खेळाची उपमा दिली होती. यांतल्या एकालाही 'आउट' जोडू नका.

आता वही उघडा

ही पाच वाक्यं इंग्रजीत करा. उत्तरं खाली आहेत, आधी बघू नका.

मी रंकाळ्यावर तिला सगळं सांगणार होतो, पण कच खाल्ली. तो दरवर्षी ऐनवेळी कच खातो. आता कच खाऊ नकोस हं! रक्तदान करायला गेलो आणि सुई बघून परत आलो. पाहुण्यांनी लग्नाची बोलणी मोडली.

पहिलं: आय वॉज गोइंग टू टेल हर एव्हरीथिंग ॲट रंकाळा, बट आय चिकन्ड आउट. कशातून हे आधीच आलंय, म्हणून 'ऑफ' नको. दुसरं: ही चिकन्स आउट ॲट द लास्ट मिनिट एव्हरी इयर. 'एस' विसरलात तर टाको आठवा. तिसरं: डोन्ट यू चिकन आउट नाऊ! मधला 'यू' म्हणजे आपला 'हं'. तो नसला तरी वाक्य बरोबर आहे. चौथं: आय वेंट टू डोनेट ब्लड बट चिकन्ड आउट व्हेन आय सॉ द नीडल. 'वेंट' आणि 'चिकन्ड' दोघांचा कर्ता एकच, म्हणून दुसरा 'आय' गाळला तरी चालतो.

पाचवं वाक्य मी मुद्दाम घातलंय. पाहुणे घाबरले असं वाक्यात कुठे आहे? पत्रिका जुळली नसेल, देण्याघेण्यावर बिनसलं असेल, मुलीनेच नाही म्हटलं असेल. दे बॅक्ड आउट ऑफ द मॅच, एवढंच लिहा. तरीही 'चिकन्ड आउट' लिहिलं असेल, तर तुम्ही बहुधा मुलीकडचे आहात.